जाळी शिवणाऱ्यांना सांगितलेलं कृष्णद्रव्य

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच कबूल करून टाकते. पुढे मी कुणावर तरी ओरडले असं आलं, तर वाचणाऱ्याला धक्का बसायला नको. अलिबागला ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, आणि मुलं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या जुलैत रेवदंड्याच्या मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, तेव्हा मी चाचणीचे पेपर तपासत होते. त्यामुळे आधी त्यांच्यावर खेकसले आणि मग कोण बोलतंय ते विचारलं.

"बाय, एक काम होतं," ते म्हणाले. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. दोन महिने बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, माणसं घरी. म्हणून सोसायटी दर वर्षी एक व्याख्यान ठेवते. एकदा लाइफ जॅकेट झालं, एकदा मधुमेह, एकदा विषारी साप. यंदा ज्यांना बोलावलं होतं त्या डॉक्टरांनी ऐन वेळी टांग दिली होती. "तुमचं ते आकाशातलं न दिसणारं काय हाय ना, ते सांगा की. लोकांना तेवढंच नवीन."

मी लगेच "येते" म्हणाले. समोर बसलेल्या नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. तो अलिबागच्या कोर्टात कारकून आहे, आणि लोक काय बोलतात यापेक्षा किती पटकन बोलतात याच्यावर त्याचं जास्त लक्ष असतं. "लग्नाला हो म्हणायला सहा महिने लावलेस," तो म्हणाला, "आणि सोसायटीला सहा सेकंद?"

कारण सरळ होतं. सोसायटीचा हॉल माझ्या बापाच्या घरापासून चाळीस पावलांवर आहे. बंदीच्या दिवसांत सगळे त्या हॉलमध्ये जाळी पसरून शिवत बसतात, आणि माझा बा त्यात सगळ्यात आधी येतो व सगळ्यात शेवटी उठतो. मी तिथे बोलले तर त्याला ऐकावंच लागणार होतं. उठून जाणार कुठे? मांडीवर जाळं असतं.

बा म्हणजे आमच्या कोळीवाड्यातला जुना तांडेल. बोटीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. आता त्याने सत्तरी ओलांडली आहे, दर्यावर जात नाही, पण जाळ्यात कुठे भोक आहे ते त्याच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं. मी त्याची एकुलती एक. आणि परत आल्यापासून अठरा वर्षांत त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं, की बाय, तू तिकडे नक्की करत काय होतीस?

कुठे? तर परदेशात, एका जुन्या खाणीच्या पोटात. जमिनीखाली खोल, जिथे वरच्या दगडाने आकाशातून येणाऱ्या कणांचा मारा अडवला जातो, तिथे आम्ही एक स्फटिक कमालीचा थंड करून ठेवला होता आणि त्याच्याकडे कान लावून बसलो होतो. कृष्णद्रव्याचा, म्हणजे डार्क मॅटरचा, एखादा कण येऊन त्या स्फटिकाला टिचकी मारतो का, एवढंच पाहायचं. मी तीन वर्षं कान लावला.

जाताना बा केवढा खूश होता! रेवदंड्याच्या शाळेतली पोर, अलिबागला शिकली, मुंबईला शिकली आणि आता दर्यापलीकडे. विमानतळावर येताना त्याने सुकटीची अशी पिशवी आणली होती की टॅक्सीवाल्याने चारही काचा उघडल्या. "खाणीत कोण काय शिजवतं का?" मी ओरडले. तो म्हणाला, "असू दे, वास घेतलास तरी पोट भरंल." दर रविवारी फोन. पहिला प्रश्न "जेवलीस?" आणि दुसरा "गावलं काय?" आमच्याकडे मासा सापडत नाही, गावतो. माझं कृष्णद्रव्यही त्याच्या लेखी गावायचंच होतं. किती खोल उतरतेस, काळोखात दिसतं कसं, खाली ऊन नसतं तर वेळ कशी कळते, आणि बरोबरचे लोक मासे खातात का? एका फोनमध्ये दहा प्रश्न. मी कंटाळायचे. खरंच कंटाळायचे, आणि ते आठवलं की आता जीव थोडा थोडा होतो.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. बाने फोन केला. त्या फोनमध्ये प्रश्न नव्हता. एवढंच म्हणाला, "बाय, ये."

मी आले. आई चार वर्षं अंथरुणात होती. तिचं करता करता मी अलिबागच्या कॉलेजात नोकरी धरली, लग्न केलं. परत जायचं म्हणायचे, पण तिकडच्या गटात माझ्या जागी दुसरी मुलगी आली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही आता इथलं सुटत नव्हतं. आई गेली तोवर मी इथलीच झाले होते. ह्याचं मला दुःख नाही. शिकवायला मला आवडतं, ओरडायला तर त्याहून आवडतं.

पण बाचे प्रश्न बंद झाले ते झालेच. मी रविवारी रेवदंड्याला जायचे, तो बोंबील तळायचा, जेवायला वाढायचा, कॉलेजचं विचारायचा, जावयाच्या गुडघ्याचं विचारायचा. खाणीचं नाही. दुसऱ्या कुणी विषय काढला तर हा पाणी प्यायला उठायचा. एकदा टीव्हीवर आकाशातल्या दीर्घिकांची चित्रं लागली होती, निळी, जांभळी. मी म्हटलं, "बा, बघ, हेच ते." त्याने बघितलं, आणि चॅनेल बदलला नाही पण मान बाहेरच्या ओट्याकडे वळवली. माझं टाळकं सणकलं. मी ताटावरून उठून म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही का रे? लाज वाटते का माझी?" तो म्हणाला, "जेव. बोंबील गार होतायत."

मी धरून चालले की लाजच वाटते. सगळ्या कोळीवाड्यात सांगत फिरला होता, माझी पोर जगात कुणाला न दिसलेलं शोधायला गेली. आणि पोर आली हात हलवत. अठरा वर्षं मी हेच मनात धरून बसले होते. तेव्हा व्याख्यानाला हो म्हणण्यामागे समाजात विज्ञानप्रसार वगैरे काही नव्हतं. मला फक्त माझ्या बापाने एकदा ऐकायला हवं होतं. आणि ऐकून एक प्रश्न विचारायला हवा होता. कसलाही, अगदी मूर्खातला मूर्ख चालला असता.

तयारी मी नवऱ्यावर केली. रात्री जेवताना त्याला पहिली पाच वाक्यं ऐकवली. तो म्हणाला, "ह्यात 'प्रतिपादन' दोनदा आलं. तुझ्या बापाने सुई टाकून उठायला एक पुरे आहे."

"मग कसं सांगू?"

"मला सांग. ते कृष्णद्रव्य आत्ता कुठे आहे?"

"इथेच. तुझ्यातून जातंय, टेबलातून जातंय, आमटीतून जातंय."

त्याने वाटीत डोकावून पाहिलं. "आणि आमटीला काही होत नाही?"

"काहीच नाही. ते कशाला शिवत नाही. उजेड देत नाही, उजेड अडवत नाही. त्याची फक्त ओढ असते."

"मग आहे हे कळलं कसं?"

मी तोंड उघडलं आणि पंधरा मिनिटं बोलले. तो झोपला. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, त्या दिवशी कोर्टात दोन वकिलांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. तरी मी रागावलेच.

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि बत्तीस चित्रं घेऊन रिक्षाने रेवदंड्याला उतरले. हॉलभर हिरवी, निळी जाळी पसरलेली होती. पाय ठेवायला जागा नाही. पन्नासेक माणसं भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून शिवत होती. व्याख्यान आहे म्हणून काम थांबवायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बायका एका बाजूला सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होत्या. त्यात आमची शेजारीण काकी होती. माझ्या लहानपणापासून ती मला वाट्टेल ते बोलते, तो तिचा हक्क आहे.

"आली गो शास्त्रीण!" ती म्हणाली. "किती बारीक झालीस, फळ्यावरचा खडू खातेस काय?"

बा टोकाच्या कोपऱ्यात होता. माझ्याकडे पाठ करून. त्याचं जाळं दुसऱ्या बाजूनेही शिवता आलं असतं, मला तेवढं कळतं.

सेक्रेटरींनी दोन शब्द बोलतो म्हणून दोनशे बोलून घेतले, आणि मी पहिलं चित्र लावलं. तेवढ्यात वीज गेली. हॉलमध्ये कुणी "अरेरे" सुद्धा म्हटलं नाही, पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तशी गेली. दारं उघडी होती, उजेड पुरेसा होता, जाळी शिवणं चालूच. माझी बत्तीस चित्रं लॅपटॉपमध्ये बंद. मी म्हटलं, संपलं सगळं. मग राग आला, आणि राग आला की मला सुचतं.

"काकी," मी ओरडले, "अवसेला चंद्र दिसतो का?"

"दिसंल कसा? अवस ना ती! हे शिकायला गेलीस परदेशी?"

सगळे हसले. मी म्हटलं, "मग अवसेचं उधाण कोण आणतं?"

"चंद्रच आणतो."

"न दिसता?"

"न दिसला म्हणून काय झालं?" मधूनच एक म्हातारा बोलला. "वडतो तर हायच ना. आन सूर्य पन वडतो तवा, दोघं एका अंगाला असत्यात."

अगो बाई! वर्गात जे सांगायला मला चाळीस मिनिटं लागतात ते त्याने सुई चालवता चालवता सांगून टाकलं. मी तिथेच खुर्ची बाजूला केली आणि जाळ्यावर फतकल मारून बसले. म्हटलं, आता ऐका. आकाशात आपल्या सूर्यासारखे अब्जावधी तारे एकत्र गोल फिरतात. अशा एकेका ताऱ्यांच्या गावाला दीर्घिका म्हणतात. लोकांनी मोजून पाहिलं, तर दीर्घिकेच्या कडेचे तारे भलत्याच जोरात फिरतायत. जत्रेतला साखळ्यांचा पाळणा एवढ्या जोरात फिरला तर कडेचा माणूस सुटून चौलपर्यंत जाईल. तारे सुटत नाहीत. म्हणजे कुणीतरी धरून ठेवलंय. जेवढं दिसतं, तारे, धूळ, वायू, तेवढं सगळं एकत्र केलं तरी त्याची ओढ पुरत नाही. दिसतं त्याच्या पाचपट काहीतरी तिथे आहे, आणि ते दिसत नाही.

"अवसेच्या चंद्रागत," काकी म्हणाली.

"थोडंसं तसं. पण चंद्र दोन दिवसांनी कोर दाखवतो. हे कधीच काही दाखवत नाही. आणि ते फक्त वर नाही, इथेही आहे. आत्ता तुझ्यातून जातंय."

काकीने पदर झटकला. "जाऊ दे बापडं, मी काय धरून ठेवत न्हाय."

मग मला कुणी थांबवू शकलं नसतं. मी त्यांना विचारलं, ओटीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्यात इंजिन बंद करून बोट सोडली तर? पाण्याबरोबर बाहेर जाईल, चार जण म्हणाले, आणि पाणी मंदावलं की थांबेल. बरोबर. आपलं विश्वही पसरतंय, दीर्घिका एकमेकींपासून लांब लांब जातायत. सगळ्या शास्त्रज्ञांना वाटलं होतं, ह्या एकमेकींना ओढतात, तेव्हा हे लांब जाणं हळूहळू मंदावत जाईल. मोजलं तर उलटंच. वेग वाढतोय.

"बिन इंजिनाची बोट, आन वेग वाढतो?" म्हातारा म्हणाला. त्याची सुई थांबली. हॉलमध्ये थांबलेली ती पहिली सुई.

"वाढतो."

"मंग ढकलतो कोन?"

"त्याला डार्क एनर्जी म्हणतात. कृष्णऊर्जा. नाव दिलंय नुसतं. ती काय आहे ते कुणाला कळलेलं नाही. अलीकडे काही जण म्हणतात तिचा जोर थोडा कमी होत असावा, पण तेही नक्की नाही."

"नाव हाय, काम हाय, दिसत कोन न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या कमिटीवानी." सेक्रेटरीसुद्धा हसले.

मी हिशेब सांगितला. विश्वाचे शंभर भाग केले तर अडुसष्टच्या आसपास ही कृष्णऊर्जा, सत्तावीसच्या आसपास कृष्णद्रव्य. आणि उरलेल्या पाचात आपण सगळे. डोंगर, दर्या, सूर्य, सगळे तारे.

"मासळी पन पाचातच?" एका बाईने काळजीने विचारलं.

"मासळी पण."

"आन ती पकडायला एवढी बोंब!"

मी हसत होते, पण माझा एक डोळा कोपऱ्यावर होता. बा मान खाली घालून शिवत होता. एकदाही वळला नव्हता. पाठीवरून काही कळत नाही माणसाचं. मला वाटायला लागलं, हा ऐकतच नाहीये, ह्याने कान बंद करून घेतलेत, आणि मी आपली सगळ्या गावाला हसवत बसले आहे.

सेक्रेटरी म्हणाले, कुणाला काही विचारायचं आहे का? दाराजवळ एक जण उभा होता. तो मूळचा आतल्या बाजूच्या भातशेतीच्या गावातला, इथे जावई म्हणून आलेला, आता बर्फाचा टेम्पो चालवतो. स्वभावाने गरीब. त्याने हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, तुम्ही तीन वर्षं तिकडं होतात ना? मग तुम्हाला गावलं काय?"

सगळ्या सुया थांबल्या. काकीने हातातली करंदी सुपात टाकली. "ए, गप रे!" ती त्याच्यावर डाफरली. "असं इचारतात काय? तुला कोन काय शिकिवलंय का न्हाय?"

तो बिचारा गोंधळला. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्याकडे रिकाम्या बोटीला कुणी विचारत नाही. बोट धक्क्याला लागली आणि जाळ्यात काही नसलं तर ते लांबूनच कळतं. बोट पाण्यावर उंच दिसते, खलाशी हाका मारत नाहीत. अशा वेळी धक्क्यावरची माणसं दुसरीकडे बघतात. बायका मासळीच्या पाट्या गुपचूप उचलून बाजूला होतात. "काय मिळालं" हे विचारायचंच नाही. ज्याचं त्याने वाटलं तर सांगावं. मी ह्यातच वाढले. लहानपणी मी एकदा असं विचारलं होतं तेव्हा आईने माझ्या तोंडावर हात ठेवला होता. आणि एवढी शिकून, सगळ्या जगाला न दिसणारं समजावून सांगत फिरून, हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं की अठरा वर्षं हा अख्खा कोळीवाडा माझ्याशी तसा वागतोय. आणि माझा बा सगळ्यात जास्त. तांडेल ना तो.

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि ते दोन्ही एकदम आलं की माझा आवाज फार मोठा होतो. "विचारू दे त्याला!" मी ओरडले. "विचारलंच पाहिजे! अरे, कुणीतरी विचारा की मला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही गावलं," मी म्हटलं. "मला नाही गावलं. आणि मलाच नाही, कुणालाच नाही. आजच्या दिवसापर्यंत, अख्ख्या जगात, एकालाही नाही."

टेम्पोवाला म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं फुकटच?"

"फुकट कशी? एका मापाच्या जाळ्यात आलं नाही, म्हणजे ते त्या मापाचं नाही, एवढं पक्कं कळतं. मग आणखी बारीक जाळं विणायचं. माझ्यानंतर आमच्या गटाने मोठी यंत्रं बांधली. दुसऱ्यांनी आणखी खोल, आणखी मोठी बांधली. सगळ्यांनी जाळी टाकली. प्रत्येक वेळी कळलं, इथेही नाही. आता कुठे शोधायचं ती जागा कमी कमी होत चालली आहे. ओढ तर आहे, ती खोटी नाही. तेव्हा शोधणारे थांबलेले नाहीत."

कोपऱ्यातून आवाज आला. "कुनालाच न्हाय?"

बा वळला होता. जाळं मांडीवरून घसरलं होतं ते त्याच्या लक्षात नव्हतं.

"न्हाय, बा."

"तू आल्यावर जी तुझ्या जागी आली, तिला?"

"तिलाही न्हाय."

"त्या मोठ्या मशिनवाल्यांना?"

"त्यांनाही न्हाय."

तो सुई तशीच हातात धरून पुढे झुकला. मग म्हणाला, "म्हंजे तू थांबली असतीस... मी फोन केला नसता, तू थांबली असतीस तिथंच, तरी?"

"तरी नसतं गावलं, बा."

त्याने सुई खाली ठेवली. दोन्ही हातांनी तोंड पुसलं, पावसात भिजल्यावर पुसतात तसं. पन्नास माणसांसमोर, जिथे तो आयुष्यभर तांडेल म्हणून बसला, तिथे तो म्हणाला, "मना वाटलं, तुझं जाळं भरायच्या टायमाला मी तुला वर वडली. चार दिवस थांबलो असतो तर गावलं असतं तुला. दुसऱ्या कुनाला तरी गावलं असंल, आन तू मना सांगत न्हायस."

मी उठले, पायात जाळं अडकलं, कुणीतरी माझा हात धरला, मी तशीच धडपडत त्याच्यापर्यंत गेले आणि जे जमतं तेच केलं. ओरडले. "अठरा वर्षं? अठरा वर्षं हे पोटात घेऊन बसलास? एकदा तोंड उघडून विचारता येत नव्हतं? मी समजत होते तुला माझी लाज वाटते!"

"लाज?" तो म्हणाला. त्याला खरंच कळेना. "तुझी? कशाला?"

काकी पदराला नाक पुसत म्हणाली, "बापलेक दोघं सारखेच येडे." मग तिने सगळ्यांना चहाला बाहेर काढलं. सेक्रेटरींना आभार मानायचे होते, त्यांनाही काढलं.

हॉलमध्ये आम्ही दोघंच राहिलो. बाहेर कपबशा वाजत होत्या. बा खालमानेने जाळ्याची गाठ उगाच चाचपत होता. मग हळूच म्हणाला, "तिला ठाऊक व्हतं?"

ती म्हणजे आई.

"हो," मी म्हटलं. "तिला सगळं ठाऊक होतं. तू बोटीवर असायचास तेव्हा दुपारी मी तिच्या उशाशी बसून सांगायचे. तिला बोलता यायचं नाही, मग मीच बोलायचे. खाण, ते यंत्र, सुकटीच्या वासाने पळालेले लोक. कुणालाच काही सापडलेलं नाही, मी काही सोडून आलेली नाही, हेही सांगितलं होतं. चार वर्षं रोज."

"म्हनून ती शांत असायची." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "मना वाटायचं, हिला कळत कसं न्हाय, पोरीचं आपन काय केलं ते." मग त्याने वर बघितलं. "मंग मनाच का न्हाय सांगितलंस, बाय?"

तू विचारलं नाहीस म्हणून, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मला माझीच शरम वाटली. तिने तरी कुठे विचारलं होतं?

मी त्याच्या शेजारी खाली बसले. त्याच्या मांडीवरून घसरलेलं जाळं ओढून दोघांच्या पायांवर घेतलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागले. खाणीत उतरायची लिफ्ट सकाळी सहाला निघायची, बा, आणि तिला दारच नव्हतं, नुसती जाळी होती.

"नुसती जाळी?" तो म्हणाला. "आन तू भ्यालीस न्हाय?"